एनएफटेबल्स: कीर्द सोडून खतावणीवर आलेली आमची फायरवॉल

लातुरात औसा रोडच्या बाजूला चार वसतिगृहं आणि एक अभ्यासिका आहे. त्यांच्या इंटरनेटचं काम मी सहा वर्षांपासून बघते. राहणारी सगळी पोरं-पोरी नीट-जेईईची. कुणी अहमदपूरचं, कुणी कंधारचं, कुणी थेट जिंतूरहून आलेलं. बाहेर जाणारी लाइन एकच, ३०० एमबीपीएसची. त्या लाइनच्या तोंडाशी जुन्या बाजारातून घेतलेला एक डेस्कटॉप बसवलाय. त्याच्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे, आणि येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट (नेटवरून जाणारं माहितीचं छोटं पुडकं) तपासायचं काम एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलकडं, म्हणजे नेटच्या नाक्यावरच्या पहारेकऱ्याकडं. दीड वर्ष रोज वापरल्यावर तिच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं.

आधी अडचण काय होती ते सांगते. दर रविवारी सकाळी दहाला सराव परीक्षा असते, मोबाइलवर. सगळी पोरं एकाच मिनिटाला लॉगिन होतात आणि एकला एकाच मिनिटाला पेपर सबमिट करतात. तेवढ्यातच नेट अडकायचं. मुलींच्या वसतिगृहातून फोन यायचा, "ताई, टेस्ट सबमिट होईना गेली, नुसतं गोल गोल फिरायलंय." तीन तास पेपर सोडवून शेवटच्या मिनिटाला चाक फिरत राहिलं की सोळा-सतरा वर्षांच्या पोरीचं काय होतं, ते मी दारात उभी राहून बघितलंय. रडायच्या बऱ्याचजणी.

सगळ्यांचं म्हणणं एकच, लाइन वाढवा. मालकही तयार झाले होते. पण आलेख बघितला तर टेस्टच्या वेळी लाइन ३०० पैकी जेमतेम १८० पर्यंत जात होती. रस्ता रिकामा होता, गर्दी नाक्यावर होती. मशीनवर बघितलं तर प्रोसेसरच्या चारपैकी तीन कोअर (काम करणारे भाग) निवांत आणि एक पूर्ण भरलेला. त्या लॅन कार्डाला पॅकेट घ्यायची रांग एकच, त्यामुळं सगळं ओझं एकाच कोअरवर. आणि तो कोअर करत काय होता? यादी वाचत होता.

यादी माझीच. तेव्हा मी आयपीटेबल्स, लिनक्सची आधीची फायरवॉल, वापरत होते. दर मोबाइल, टॅब, लॅपटॉपला ठरलेला आयपी पत्ता, आणि प्रत्येकाचे दोन नियम: एक जाणाऱ्या पॅकेटसाठी, एक येणाऱ्या. नियमासोबत मोजणी आपोआप होते, म्हणून रात्री कोण किती ओढतंय ते मला कळायचं. तेव्हा यादीत ११४० यंत्रं होती, म्हणजे २२८० नियम, एकाखाली एक. आयपीटेबल्सची रीत अशी की पॅकेट आलं की पहिल्या नियमापासून सुरुवात. जुळला तर निकाल, नाही जुळला तर पुढचा. ज्याचा नंबर मधे त्याला हजारभर तुलना, ज्याचा शेवटी त्याला सव्वादोन हजारांच्या वर.

कागदावर हिशेब केला. ३०० एमबीपीएसची लाइन पूर्ण आकाराच्या पॅकेटांनी भरली तर सेकंदाला एका दिशेनं साधारण २४,००० पॅकेटं. सरासरी ११४० तुलना धरल्या तर सेकंदाला पावणेतीन कोटी तुलना. आणि टेस्टच्या वेळची पॅकेटं पूर्ण आकाराची नसतातच. एका उत्तराचं टिकमार्क, एक पोहोच, एक डीएनएसची (साइटच्या नावावरून पत्ता शोधायची) विचारणा, सगळी चिल्लर. तेवढ्याच एमबीपीएसमध्ये पॅकेटांची संख्या कितीतरी जास्त. फायरवॉलला ओझं होतं ते पॅकेटांच्या संख्येचं, त्यांच्या वजनाचं फार नाही. एक जीबीपीएसची लाइन सगळ्यात लहान, ६४ बाइटच्या पॅकेटांनी भरली तर सेकंदाला १४,८८,०९५ पॅकेटं येतात, म्हणजे एका पॅकेटचा निकाल लावायला ६७२ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात सव्वादोन हजार ओळी वाचून होत नाहीत.

पोरांमध्ये एक समज पसरला होता की उशिरा प्रवेश घेतलेल्यांना नेट हळू मिळतं, कारण त्यांचे पत्ते यादीत शेवटी. मलाही आधी तसंच वाटलं. तपासलं तर तसं नव्हतं. शेवटच्या नंबरवाल्या पोरीचं पॅकेट तपासायला महाग पडत होतं हे खरं, पण कोअर एकदा भरला की सगळीच पॅकेटं कार्डाच्या दारात ताटकळतात, पहिल्या नंबराचीसुद्धा. एकाच्या तपासणीचा खर्च सगळ्यांच्या वाट्याला येत होता.

हे सगळं मी घरी जेवताना अण्णांना सांगत होते. अण्णांनी ३१ वर्षं आडतीवर मुनीमकी केली. त्यांना पॅकेट म्हणजे काय ते माहीत नाही, पण यादीचं ऐकून त्यांचा घास थांबला. म्हणाले, "माय, तू कीर्द वाचायलीस की. बाकी बघायला कुणी कीर्द वाचतंय का? खतावणी नाही का तुझ्याकडं?"

ज्यांनी जुन्या वह्या बघितल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कीर्दीत व्यवहार जसे घडतील तसे उतरतात: सकाळी अमक्याची तूर आली, दुपारी तमक्याला उचल दिली. खतावणीत दर माणसाचं स्वतंत्र पान, आणि पुढं नावांची सूची. शेतकरी येऊन "माझं किती निघतंय" म्हणाला की मुनीम पाडव्यापासूनची कीर्द चाळत बसत नाही. सूचीत पान क्रमांक बघतो आणि थेट ते पान उघडतो. दुकानाची खाती पन्नास असोत की पाच हजार, त्याचा वेळ तोच. माझ्या फायरवॉलला हेच नव्हतं.

आयपीटेबल्सला मी नावं ठेवणार नाही. २००१ च्या जानेवारीत लिनक्सच्या २.४ कर्नलसोबत (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ती आली, रस्टी रसेल यांनी त्या कामाची सुरुवात केली, आणि वीस वर्षं जगभरातली मशीनं तिनं राखली. वीस-तीस नियम असतील तर एकाखाली एक वाचणं अजिबात वाईट नाही, उलट डोळ्यांना कळतं. अडचण नियम शेकड्यांनी वाढले की येते. आणि नुसती पॅकेट तपासतानाच नाही, नियम घालतानाही. एक नियम वाढवायचा तरी ती पूर्ण तक्ता कर्नलमधून वर ओढते, बदल करते आणि पूर्ण तक्ता परत खाली टाकते. माझी जुनी स्क्रिप्ट २२८० वेळा हे करायची. उन्हाळ्यात लाईट जायची, इन्व्हर्टर उतरायचा, मशीन परत चालू व्हायचं, आणि पोरं मिनिटं मोजत बसायची. सगळे नियम एका फाइलमधून एकदम भरायची सोय आयपीटेबल्समध्येही आहे, ती मला फार उशिरा कळली.

पहिला उपाय मी आयपीटेबल्समध्येच केला, आणि तो सांगायलाच पाहिजे, कारण खूप जणांचं काम तेवढ्यातच भागेल. कर्नल प्रत्येक चालू जोडणीची नोंद ठेवतो, त्याला कॉनट्रॅक म्हणतात. ही नोंदवही मुळात खतावणीसारखीच आहे: दोन्हीकडचे पत्ते, दोन्हीकडचे पोर्ट (यंत्रातल्या कोणत्या ॲपचं ते सांगणारा आकडा) आणि प्रोटोकॉल (बोलण्याची रीत) यांच्यावरून एक खण काढायचा आणि तिथंच बघायचं. "ही जोडणी आधीच मंजूर झालेली आहे, जाऊ दे" हा नियम सगळ्यात वर ठेवला की लांब यादी फक्त प्रत्येक जोडणीच्या पहिल्या पॅकेटलाच वाचावी लागते. मी तो वर नेला आणि भरलेला कोअर त्याच रविवारी मोकळा झाला. तुमच्या फायरवॉलमध्ये हा नियम खाली असेल तर दुसरं काही करायच्या आधी तो वर न्या.

पण माझी दोन कामं मोडली. एक, मोजणी. पॅकेटं वरच्या वर निघून जाऊ लागली, माझ्या नियमांपर्यंत पोचेनात. दोन, रात्री अकराचा नेट-बंद. पोराचं नाव यादीतून काढलं तरी ज्याचा व्हिडिओ अकराच्या आधी सुरू झालाय त्याची जोडणी मंजूरच, ती चालूच राहणार. रेक्टर काकूंनी दोनदा विचारलं, "बंद केलंय म्हणतीस, मग ह्या कसं बघायल्यात?" चालू जोडण्या कॉनट्रॅकमधून हातानं उडवता येतात, तसं केलंही. पण दर रात्री हजार पत्त्यांच्या जोडण्या उडवणं म्हणजे ठिगळावर ठिगळ.

मधे काही महिने आयपीसेट वापरला. योझेफ काड्लेचिक यांचं हे काम, २०११ मध्ये २.६.३९ कर्नलमध्ये आत घेतलं गेलं. पत्त्यांचा एक संच वेगळा ठेवायचा आणि आयपीटेबल्सच्या एकाच नियमानं "पत्ता या संचात आहे का" एवढं विचारायचं. खतावणी इथंही आहे. तुमच्याकडं आयपीटेबल्स आणि आयपीसेट दोन्ही नीट बसलेलं असेल, तर मी ज्याचं कौतुक करणार आहे त्यातलं निम्मं तुम्हाला आधीच मिळालंय. घाई करू नका. मला दोन गोष्टी खटकल्या. संच एका प्रोग्रामात, नियम दुसऱ्यात. मशीन सुरू होताना संच आधी तयार झाला नाही तर नियम भरतच नाहीत. आणि आयपीव्ही६ साठी, म्हणजे नव्या लांब पत्त्यांसाठी, सगळं परत दुसऱ्यांदा लिहायचं.

आता एनएफटेबल्स. पॅट्रिक मॅकहार्डी यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा मांडलेलं, नंतर पाब्लो नेरा आयुसो यांनी पुढं नेलेलं, आणि जानेवारी २०१४ च्या ३.१३ कर्नलपासून लिनक्समध्ये असलेलं. २०१९ च्या डेबियन १० पासून तर तुम्ही आयपीटेबल्सची आज्ञा दिली तरी आतून मूळच्या मांडणीप्रमाणं हेच चालतं. इथं संच बाहेरून चिकटवलेला नसतो, भाषेचाच भाग असतो.

माझ्या २२८० नियमांचे दोन सेट (संच) झाले: एक पाठवणाऱ्या पत्त्यांचा, एक घेणाऱ्या पत्त्यांचा. पॅकेट बाहेर निघालंय तर पहिल्यात बघ, आत येतंय तर दुसऱ्यात. पत्त्याच्या आकड्यावरून गणित करून खण निघतो, त्या खणात एखादी-दुसरी नोंद असते, झालं. आज यादीत १३०० च्या वर यंत्रं आहेत, तरी तपासणी तेवढीच. आणि ज्यासाठी मी अडून बसले होते ते, सेटमधल्या प्रत्येक नोंदीला स्वतःचा काउंटर लावता येतो. पान उघडलं की जमा-नावे तिथंच.

यातून जे झालं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तपासणी इतकी स्वस्त झाली की नियमांचा क्रमच उलटा करता आला. आधी कॉनट्रॅकचा नियम वर ठेवणं भाग होतं, कारण यादी महाग होती. आता मी प्रत्येक पॅकेटला आधी सेटमध्ये बघते आणि मग जोडणी मंजूर आहे का ते विचारते. त्यामुळं मोजणी पूर्ण मिळते, आणि अकराला नाव सेटमधून निघालं की पुढचंच पॅकेट अडतं, व्हिडिओ कधीचा का सुरू असेना. जोडण्या उडवायची स्क्रिप्ट मी पुसून टाकली. एक लक्षात ठेवावं लागतं: नोंद काढली की तिचा काउंटरही जातो. म्हणून दहा वाजून पंचावन्न मिनिटांनी आधी आकडे फाइलमध्ये उतरवून घेते.

नोंदीला मुदतही देता येते. पोरीला भेटायला परभणीहून वडील आले, त्यांना दोन तास नेट पाहिजे. पत्ता दोन तासांच्या मुदतीनं घातला की आपोआप गळतो. आधी असे पाहुण्यांचे पत्ते महिनोन्‌महिने यादीत पडून राहायचे.

चार वसतिगृहं आणि अभ्यासिका, पाचांचे नियम वेगवेगळे. अभ्यासिकेत रात्रभर नेट, मुलांच्या एका वसतिगृहात फक्त कोचिंगचं ॲप. पूर्वी दर पॅकेटला "तू पहिल्या वसतिगृहातलं का? दुसऱ्यातलं का?" असं विचारत जावं लागायचं. इथं त्यासाठी व्हर्डिक्ट मॅप आहे: किल्ली दिली की थेट निकाल, किंवा थेट त्या चेनवर (नियमांच्या साखळीवर) उडी. लातूरच्या गंजगोलाईत, बाजाराच्या गोल चौकात, मधोमध उभं राहिलं की १६ रस्ते फुटतात. साडी घ्यायची असेल तर माणूस सोळाही रस्ते पालथे घालत नाही, त्याच रस्त्याला वळतो. मॅप म्हणजे ती गोलाई. माझ्याकडं पाचच रस्ते असल्यानं वेगात फरक कळण्यासारखा नाही, पण फाइल वाचताना फार कळतो. नवं वसतिगृह जोडलं तर एक ओळ वाढते.

सगळेच प्रश्न "हा पत्ता आहे का" इतके सरळ नसतात. माझ्याकडं अडवायच्या नेटवर्कांची एक यादी आहे, चारेक हजार पट्ट्यांची. अमक्या पत्त्यापासून तमक्या पत्त्यापर्यंत. पट्टीसाठी खण काढायचं गणित चालत नाही, कारण आलेला पत्ता पट्टीच्या कुठल्याही जागी असू शकतो. तिथं एनएफटेबल्स रेड-ब्लॅक झाड वापरते: दर टप्प्याला "याच्या आधी की नंतर" विचारत निम्मी यादी बाजूला. प्रत्येक पट्टीची दोन टोकं धरून आठ हजार नोंदी झाल्या तरी साधारण १३ टप्प्यांत उत्तर, आणि झाड कितीही कलतं वाढलं तरी २६ च्या आत. आठ हजारांच्या जागी २६. कोणती रचना घ्यायची ते कर्नल स्वतः निवडतो. आपण किल्ली कशाची, मधे पट्ट्या आहेत की नाही आणि सेट साधारण केवढा, एवढं सांगायचं.

त्याहून अवघड प्रश्न म्हणजे एकाच वेळी तीन गोष्टी, तिन्ही पट्ट्यांमध्ये: या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंतचे, या प्रोटोकॉलचे, या पोर्टपासून त्या पोर्टपर्यंत. पत्त्याचं झाड वेगळं, पोर्टचं वेगळं, दोघांचा मेळ कसा घालायचा? हा या विषयातला जुना दुखरा भाग आहे आणि संशोधकांनी त्यावर बरीच वर्षं डोकं लावलंय. लिनक्समध्ये २०२० च्या ५.६ कर्नलपासून स्टेफानो ब्रिव्हिओ यांचा पिपापो नावाचा सेट आलाय. किल्लीचे चार-चार बिटांचे तुकडे करतात. चार बिट म्हणजे १६ शक्यता. प्रत्येक शक्यतेसमोर एक ओळ लिहिलेली असते, "हा तुकडा असा असेल तर कोणकोणते नियम अजून शक्य आहेत". पॅकेट आलं की पहिल्या तुकड्याची ओळ घ्यायची, दुसऱ्याची घ्यायची, दोन्हींत जे शिल्लक तेच ठेवायचं, मग तिसऱ्याची. नीटच्या पेपरात उत्तर माहीत नसलं तरी पर्याय खोडत खोडत बरोबर एकावर येतो ना, तसं. आमच्या पोरांना हे सांगितलं तर दोन मिनिटांत कळलं. बिटांच्या ओळी एकमेकींवर ठेवून जुळवणं प्रोसेसरला फार सोपं जातं, म्हणून पुढच्याच ५.७ कर्नलमध्ये प्रोसेसरच्या रुंद सूचना वापरून त्याचा आणखी वेगवान प्रकार आला. मी यात वसतिगृहाचा पत्ता-पट्टा, प्रोटोकॉल आणि पोर्ट असे साठेक मेळ ठेवलेत. साठांसाठी एवढ्याची गरज नव्हती हे मला माहीत आहे. पण साठ वेगळ्या नियमांपेक्षा एक तक्ता जास्त स्वच्छ दिसतो, आणि चूक लगेच डोळ्यात भरते.

आता एक गोष्ट ठासून सांगते. एनएफटेबल्स आपोआप वेगवान नाही. जुन्या नियमांचं तिच्या भाषेत रूपांतर करून देणारी आज्ञा मिळते. मी आधी तीच वापरली आणि २२८० नियमांचे २२८० नियमच झाले, फक्त लिपी बदलली. रविवारी मोजणीपुरता कॉनट्रॅकचा नियम खाली ठेवून बघितला, तर कोअर पहिल्यासारखाच भरला. कीर्द नव्या वहीत उतरवली म्हणून तिची खतावणी होत नाही. रूपांतराचा कागद समोर ठेवून हातानं सेट आणि मॅप बांधावे लागतात. मला चार संध्याकाळी लागल्या. २२८० नियमांच्या जागी आज माझ्या फाइलमध्ये, सेटमधल्या नोंदी सोडून, चाळीसेक ओळी आहेत.

उणिवाही आहेत, आणि त्यातल्या दोनांनी मला रात्री जागवलंय.

बदल केल्याच्या पहिल्याच आठवड्यात एका वसतिगृहाचं नेट पूर्ण बंद. एनएफटीला, म्हणजे एनएफटेबल्सच्या आज्ञेला, सगळे नियम दाखव म्हटलं तर सगळं बरोबर. दीड तास मी केबलच तपासत होते. शेवटी कळलं की मशीन सुरू होताना माझी एक जुनी स्क्रिप्ट आयपीटेबल्सचे नियम जुन्याच (लेगसी) पद्धतीनं अजून भरत होती. दोन्ही कर्नलमध्ये एकाच वेळी राहू शकतात, पॅकेटला दोन्हींकडून सुटावं लागतं, आणि एनएफटीच्या यादीत ते जुने नियम दिसत नाहीत. बदल करणाऱ्यानं जुन्याची यादी वेगळी काढून ती रिकामी आहे हे आधी बघावं.

दुसरं, मंजुरीचा अर्थ. प्रयोगासाठी मी एक वेगळा तक्ता केला आणि तिथं एका पत्त्याला मंजुरी दिली. तरी पॅकेट अडत होतं. एका मुख्य चेनमधली मंजुरी फक्त त्या चेनपुरती. त्याच टप्प्यावर दुसरी मुख्य चेन असेल तर तिथं परत तपासणी होते. नकार मात्र जागच्या जागी शेवटचा. विचार केला तर बरोबरच आहे, पण हे मला हाताळणीच्या पानात दिसलं नव्हतं, ठेच लागल्यावर उमगलं.

बाकीच्या छोट्या. पट्ट्या एकमेकींत घुसत असतील तर एकत्र करायची सूचना सेटला दिलेली पाहिजे, नाहीतर पूर्ण फाइल नाकारते. फाइलच्या सुरुवातीला जुने नियम पुसायची ओळ विसरलात तर नवे नियम जुन्यांच्या खाली जाऊन बसतात. मोजणी मागितली तरच मिळते, आयपीटेबल्ससारखी फुकट नाही; मला हे योग्य वाटतं, पण सवय बदलावी लागते. आणि माहिती जवळपास सगळी इंग्रजीत. आमच्या भागातल्या नेटवर्कचं काम करणाऱ्या पोरांना ती जड जाते. मी माझ्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर हॅश टाकून मराठीत खुलासा लिहिलाय.

या उणिवांच्या समोर एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी परत मागं जाणार नाही. फाइल भरताना एकतर सगळी लागू होते, नाहीतर काहीच होत नाही. शेवटच्या ओळीत स्वल्पविराम चुकला तरी चालू नियम जसेच्या तसे. आधी नुसती तपासून बघायचीही सोय आहे. लाईट जाऊन आली की नियम भरायला आता पापणी लवायला लागतो तेवढा वेळ लागतो. आणि एखादं पॅकेट का अडलं ते कळत नसेल तर त्याच्यावर माग लावता येतो: कोणत्या चेनमधून गेलं, कुठं जुळलं, कुठं निकाल लागला, ओळीनं पडद्यावर दिसतं. वसतिगृहाची केबल मी आता सगळ्यात शेवटी तपासते.

ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची पीएफही काही दिवस दुसऱ्या मशीनवर लावून बघितली. डॅनियल हार्टमायर यांनी २००१ मध्ये लिहिलेली ही फायरवॉल वाचायला फार सुरेख आहे, माझ्या मते एनएफटेबल्सपेक्षाही. तिच्यात पत्त्यांसाठी तक्ते आहेत, आणि सलग नियमांत एखादी गोष्ट सारखीच असेल, समजा सगळे एकाच लॅन कार्डाचे, तर पहिला न जुळल्यावर ती बाकीचे ओलांडून पुढं जाते. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं तीही बघावी. मी लिनक्सवर राहिले कारण वसतिगृहांचं बाकी सगळं, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीपासून कॅमेऱ्यांपर्यंत, त्याच मशीनवर बसलंय.

मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण जुन्या-नव्या नियमांच्या त्या दीड तासाचा. ज्याच्याकडं एक घर, एक राउटर आणि पंधरा नियम आहेत त्यानं यासाठी धडपड करू नये. त्याला फरक दिसणार नाही. ज्याची यादी शेकड्यांत गेलीय, रोज नावं वाढतात-कमी होतात, त्यानं एक आठवडा काढावा.

गेल्या महिन्यात मी फ्लोटेबलही लावून बघितलं. २०१८ च्या ४.१६ कर्नलपासून ही सोय आहे: जोडणी एकदा जमली की तिची पुढची पॅकेटं नेहमीची वाट सोडून, कार्डातून आत येताच आडवाटेनं थेट पुढं पाठवली जातात. वेगाच्या दृष्टीनं याच्यापुढं काही नाही. पण आडवाटेनं गेलेली पॅकेटं माझ्या सेटपर्यंत येतच नाहीत, म्हणजे मोजणी परत गेली आणि अकराचा बंदही ढिला झाला. म्हणून वसतिगृहांवर ते बंद ठेवलंय. अभ्यासिकेला मोजणी लागत नाही आणि तिथं रात्री दिवे मालवायचे नसतात, त्यामुळं तेवढ्या एका जोडावर ते चालू आहे.